वनजाची लाट

३ फेब्रुवारी

आज मी पाण्यावर बसले. होडीत बसले असं लिहायला हवं, पण ती होडी इतकी बसकी होती की पाणी आणि मी यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पापुद्राच होता.

कंपनीनं आम्हा नव्या लोकांना शहराबाहेरच्या तळ्यावर सहलीला नेलं होतं. बाकीचे फोटो काढून परत आले. मी वळायचं विसरले. काठावर कोणीतरी शिट्टी वाजवत होतं, ती माझ्यासाठी आहे हे फार उशिरा कळलं. उतरल्यावर सगळ्यांची माफी मागितली. बसच्या ड्रायव्हरचीही मागितली. तो म्हणाला, "इरली बिडम्मा, राहू दे, जेवण कुठं पळून जातंय?"

शिट्टीवाले चिदंबर सर, तिथल्या कयाक क्लबचे प्रशिक्षक. माझी माफी त्यांनी ऐकूनच घेतली नाही. पोहता येतं का विचारलं. शिकलेय म्हटल्यावर म्हणाले, पुढच्या रविवारी उजाडताना ये.

माझे हात अजून वल्हं धरल्यासारखे वळतायत. घरी सांगितलेलं नाही.

४ फेब्रुवारी

सांगून टाकलं. न सांगता झोप लागेना.

अप्पांनी विचारलं, यानं ऑफिसला जायची हेब्बाळची बस चुकणार नाही ना. आईनं विचारलं, कपडे कसले घालायचे असतात. आत्या पालेभाजी निवडत होती. देठ खुडता खुडता म्हणाली, "तळं आहे की धरण?"

"तळं."

"मग जा."

दोन्हींत काय फरक, ते विचारायचा धीर झाला नाही.

आत्या म्हणजे गोदावरीआत्या, अप्पांची थोरली बहीण. लहानपणी मला दमा होता, म्हणून दहा वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आत्यानंच विजयनगरच्या या घरात, मागच्या खोलीत मला शिकवलं. दुसऱ्याच्या पाटीत बघायचं नाही, हा तिचा पहिला नियम. खोलीत दुसरी पाटीच नव्हती, तरी तो नियम मी मोडला नाही. ही दैनंदिनीही तिचीच शिस्त. शाळेत कन्नड, ऑफिसात इंग्रजी, मग मराठीचा हात सुटेल म्हणून रोज चार ओळी लिहायच्या.

१७ फेब्रुवारी

शर्यतीची कयाक शेवग्याच्या शेंगेसारखी असते. तितकीच लांब वाटते आणि जवळजवळ तितकीच अरुंद. तिच्यात बसलं की ती आपल्याला बाहेर टाकते. आज किती वेळा पडले ते मोजायचं सोडून दिलं. सर सांगतात, खाली बघू नको, बघशील तिथंच जाशील. मी खाली बघते आणि तिथंच जाते.

दर वेळी एकच मुलगी येऊन माझी होडी उलटी करून पाणी काढून देत होती. वनजा तिचं नाव. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, शाळेत खेळ शिकवते, क्लबातली सगळ्यांत वेगवान. शेवटच्या वेळी मला वर घेताना मराठीत म्हणाली, "तुम्ही मराठी ना? पडताना पाण्याला सॉरी म्हणालीस. ऐकलं मी."

मी म्हटलं, पाण्याला नाही, सरांना म्हणाले.

"सर तिकडं चहा पितायत," ती म्हणाली.

वनजाचं घराणं मराठी शिंप्यांचं. तिच्या घरी अजून शिलाईचं दुकान आहे. आमचे पूर्वज महाराजांच्या फौजेत होते हे मी तिला सांगितलं नाही. पडून पडून नाकातून पाणी येत असताना ते सांगणं बरं दिसलं नसतं.

१० मार्च

पडले नाही! तळ्याला एक पूर्ण फेरी, आणि पडले नाही!

बसमध्ये केस ओले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, पाऊस आहे का तुमच्याकडं. मी हो म्हटलं. मग ते खोटं झालं म्हणून हेब्बाळचा स्टॉप येईपर्यंत त्यांना सगळं खरं सांगितलं. त्यांना ऐकायचं नसावं.

२ एप्रिल

तळहातांना फोड आलेत. आत्या रोज संध्याकाळी माझे हात उलटेपालटे करून बघते आणि लोणी लावते. बोलत नाही. तिला हे सगळं आवडत नसणार. आज मी मोरीपाशी गेले तर ती माझा तळ्यावरचा ओला टी-शर्ट नाकाशी धरून उभी होती. साबण नीट लागला नसेल म्हणून मी तो तिच्याकडून घेतला आणि पुन्हा धुतला. तिनं हात पदराला पुसले.

मग विचारलं, "सकाळी धुकं असतं का पाण्यावर?"

असतं म्हटलं. धुक्यात धोका आहे असं तिला वाटलं असेल. म्हणून पुढं सांगितलं, आम्ही काठाजवळच राहतो.

२१ एप्रिल

कयाकच्या तोंडावर कापडाचं झाकण ओढून घेतात, म्हणजे पाणी आत येत नाही. कमरेला घट्ट, कडेला इलॅस्टिक. माझ्याकडं नव्हतं. आज वनजाक्कानं एक आणलं, स्वतः शिवलेलं, निळं, काठाला दुहेरी टाका. मी लगेच विचारलं, किती झाले. तिनं असं बघितलं की मी होडीत नसूनही हलले.

"दुकानात उरलेलं कापड आहे गं."

कोणाचं काही अंगावर राहिलं की मला घास गिळत नाही. आईला विचारून उद्या डबाभर चकल्या न्यायच्या ठरवल्या.

२३ एप्रिल

वनजाक्कानं डबा परत केला. त्यात शेंगदाण्याची चटणी भरलेली. दिलेला डबा रिकामा परत करू नये, ही रीत त्यांच्याकडंही आहे. आता हा डबा पुन्हा भरून द्यावा लागणार. फिटता फिटत नाही.

९ जून

आज सरांनी काठावर काडीनं मातीत चित्र काढून शिकवलं. पुढची होडी जाते तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना तिरपी लाट उठते. मागच्या होडीचं नाक त्या लाटेच्या उतारावर नेमकं ठेवलं, तर ती होडी सतत उतारावरून घसरत राहते. वल्हवायचं, पण कितीतरी कमी जोरानं. याला लाट घेणं म्हणतात. लांबच्या शर्यतीत सगळे घेतात.

मी विचारलं, पुढच्याला कळतं का?

"कळतं की."

"त्याचा वेग कमी होतो का?"

"नाही."

"मग मागच्याला फुकट मिळतं?"

सर हसले. म्हणाले, फुकट कसलं, नाक नेमकं ठेवायला अक्कल लागते. पण मला समजायचं ते समजलं. ती दुसऱ्याची पाटी आहे. वेग तिचा, घाम तिचा, आणि मी मागं बसून घसरगुंडी करायची? नियमात बसत असेल. नियमात बसतं म्हणून सगळंच करायचं असं थोडंच आहे.

मी घेणार नाही. जे होईल ते माझ्या हातांनी.

७ जुलै

रोज सकाळी वाऱ्याला तोंड देऊन जावं लागतं आणि मला ते भयंकर आवडायला लागलंय. वल्हं पाण्यात शिरतं तेव्हा चुळूकसुद्धा आवाज झाला नाही तर तो फटका बरोबर. आज असे कितीतरी झाले. ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम, आणि आज दिवसभर एकही सापडली नाही, कारण मी पाण्यावरच होते.

एकच गोष्ट खटकते. मी कुठल्याही रेषेत जाऊ दे, वनजाक्का येऊन माझ्या पुढं, थोडी डावीकडं बसते. एवढं मोठं तळं आहे. वेगवान आहे तर जावं ना पुढं निघून. पण नाही, तिथंच राहते, हळू करून. आपण किती सहज जातो हे दाखवायला असेल. तिची लाट माझ्या होडीला लागते. मी शिष्टाचार म्हणून उजवीकडं सरकते. ती पुन्हा येते. मी पुन्हा सरकते. असं करत आज मी लव्हाळ्यात शिरले.

२८ जुलै

आज वनजाक्कानं मला धक्क्यावर अडवलं. कमरेवर हात ठेवून विचारलं, "माझा काय वास येतो का तुला?"

मी घाबरून नाही नाही म्हटलं.

"मग रोज दूर का पळतेस?"

मी म्हटलं, तुमची लाट माझ्याकडून चुकूनही वापरली जाऊ नये म्हणून. तिनं सरांकडं बघितलं. सरांनी कपाळाला हात लावला. मग ती होडी डोक्यावर घेऊन चालती झाली.

तिला माझा प्रामाणिकपणा समजला असावा. पण त्याआधी ती अय्यो म्हणाली.

१८ ऑगस्ट

सरांनी आज सगळं समजावून सांगितलं. नोव्हेंबरात राज्याच्या निवडीची शर्यत आहे, सरगूरच्या बाजूला, कबिनीच्या धरणाच्या पाण्यावर. लांबची शर्यत, पाच फेऱ्या. राज्यात या खेळात मुली मोजक्याच आहेत. पहिल्या चार जणी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार आणि तिथं चौघी मिळून एका होडीत बसणार. चौघींची होडी! एका तालात आठ हात. मी ती फक्त फोनवर बघितलीय. बघताना श्वास घ्यायचा राहतो.

माझा वेग बघता मी चौथी येऊ शकते असं सर म्हणाले. मी. चौथी. राज्यात.

वनजाक्का दोन वर्षं पाचवी आली आहे. शाळेनं तिला सांगितलंय, यासाठी रजा हीच शेवटची. मग मी चौथी आले तर तिचं काय? विचारायचं होतं, पण सर तोवर मोटरबोटीकडं गेले होते.

१५ सप्टेंबर

बेंगळूरच्या एका क्लबाच्या तिघी सरावाची शर्यत करायला आल्या होत्या. आमच्याकडून आम्ही दोघी.

त्या तिघी एकीमागं एक अशा गेल्या, मुंग्यांसारख्या. पुढची दमली की बाजूला होते, मागची पुढं येते. सगळी शर्यत त्यांनी अशी वाटून घेतली. वनजाक्का एकटी त्यांच्यामागं, वाऱ्यात. मी तिच्याही मागं, चार हात उजवीकडं, स्वच्छ पाण्यात. चौथ्या फेरीत माझे हात माझे राहिले नाहीत. वनजाक्का चौथी, मी पाचवी. आम्ही दोघी त्या तिघींपासून लांब.

शेवटी वनजाक्का धक्क्याला लागली आणि उतरलीच नाही. होडीतच बसून राहिली, वल्हं मांडीवर. मी जवळ जाऊन म्हटलं, मी तुमचं काही घेतलं नाही.

ती म्हणाली, "गोत्तु. कळलं मला. दिलंही नाहीस काही."

सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू घेत नाहीस, म्हणून तिलाही कोणी नाही. दोन वर्षं ती एकटीनंच मरते आहे त्या तिघींच्या मागं. या वर्षी तू मिळालीस असं वाटलं होतं तिला."

मला काहीच कळेनासं झालंय. मी पाचवी आले याचं वाईट वाटायला हवं, ते वाटतच नाही. तिचं ते वल्हं मांडीवर घेऊन बसणं डोळ्यांपुढून जात नाही. पण चूक असेल तर नेमकी कुठं? मी कोणाचं काही घेतलं नाही, हे चूक कसं होईल?

७ ऑक्टोबर

आज आयुधपूजा. घरात जी काय आयुधं ती पाटावर मांडतात. अप्पांचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, आईची विळी, माझा ऑफिसचा लॅपटॉप (त्याला कुंकू लावायला मी नको म्हणत होते, कंपनीचा आहे), आणि मधोमध पणजोबांच्या आजोबांची तलवार. ती आता म्यानातून निघत नाही, म्हणून म्यानालाच हार.

सगळं मांडून झाल्यावर आत्या म्हणाली, "तुझं ते कुठं आहे?"

"काय?"

"वल्हं."

ते क्लबात होतं. अप्पा स्कूटरवर जाऊन घेऊन आले, सणाच्या दिवशी, गर्दीतून. आत्यानं ते तलवारीच्या शेजारी ठेवलं. दोन्ही टोकांना हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी म्हटलं, गेल्या महिन्यात मी पाचवी आले, पण स्वच्छ हातांनी आले.

"स्वच्छ म्हणजे?"

मग मी सगळं सांगितलं. लाट, उतार, पाटी. आत्या आधी ऐकत राहिली. मग हसायला लागली. मी माझ्या आयुष्यात तिला एवढं हसताना बघितलं नव्हतं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

"पोरी, मी तुला असं शिकवलं?"

आणि तिनं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकलं. आमचं जुनं गाव धरणात गेलं, एवढंच मला माहीत होतं. त्या गावात शाळा नदीच्या पलीकडं होती. नावाडी नसला की मुली शंभूरावांच्या म्हशीची शेपटी धरून नदी ओलांडायच्या. दप्तर डोक्यावर बांधायचं आणि शेपटी धरायची.

मी विचारलं, "म्हशीला त्रास व्हायचा नाही?"

"ती पलीकडं जाणारच असायची. तिचा चारा तिथं होता. शेपटीला कोण आहे, कोण नाही, तिला काय त्याचं?" मग तिनं तलवारीवरचा हार सरळ केला. "आमच्यात एक लक्ष्मीदेवी होती, तुझ्यासारखी. म्हशीला ओझं नको म्हणून तिनं शेपटी सोडली. धारेला लागली. शंभूराव ओरडत राहिले आणि म्हैस अर्ध्या नदीतून परत फिरली तिच्यासाठी. तेव्हा खरा त्रास झाला म्हशीला."

"पण तूच म्हणायचीस, दुसऱ्याच्या पाटीत बघू नये."

"पाटीचं पाटीपुरतं. नदीत कुठं पाटी असते?"

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ती वनजा. ती तुला शेपटी देते का?"

मी म्हटलं, नाही गं, ती आपली नेहमी माझ्या पुढंच असते. कुठंही गेले तरी.

आत्यानं माझ्याकडं बघितलं.  आणि ती उठून नैवेद्याची ताटं लावायला लागली.

१३ ऑक्टोबर

मी आज वनजाक्काला म्हटलं, मला लाट घ्यायला शिकवाल का? तिनं सरांकडं बघून दोन्ही हात आकाशाकडं जोडले.

अवघड आहे! फुकट वगैरे काही नाही. जरा मागं राहिलं की लाट निसटते आणि होडी चिखलात रुतल्यासारखी होते. जरा पुढं गेलं की नाक तिच्या वल्ह्यात. मी दोनदा तिच्या होडीला धडकले, दोनदा सॉरी म्हटलं. ती ओरडली, "सॉरीला श्वास लागतो! श्वास ठेव!"

आणि मग सापडली. कशी ते सांगता येत नाही. होडीचं नाक किंचित खाली झालं, पोटाखालचं पाणी अचानक गुळगुळीत, आणि मी चालले, चालले, हात कमी आणि वेग जास्त. पुढं तिची पाठ, वेणी एका तालात डावी-उजवी. मला हसू फुटलं. मोठ्यानं. तिनं मागं न बघताच विचारलं, "सिक्तु? सापडली?"

शेवटी तिनं मला पुढं घातलं. मी ओढायचं, तिनं मागं बसायचं. पाठीमागं कोणीतरी आपल्या लाटेवर आहे हे दिसत नाही, पण कळतं. घरी कोणी झोपलेलं असलं की आपण आवाज न करता वावरतो, तसं मी वल्हवायला लागले. एकदाही फटका चुकवला नाही.

३ नोव्हेंबर

खूण ठरली. प्रत्येक सरळ पट्ट्यात एक जण पुढं. पुढचीनं कोपर उंच केलं की मागचीनं यायचं.

डबा माझ्याकडं आहे. यात आता काय भरावं? चिरोटे झाले, पुट्टू झाला, लोणचं झालं.

१७ नोव्हेंबर

शर्यतीला अप्पा, आई येणार आहेत. अप्पांनी मित्राची ओम्नी सांगून ठेवलीय. आज आत्या म्हणाली, मीही येते.

मी म्हटलं, तळं नाही, धरण आहे.

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि वाटीतलं लोणी माझ्या हाताला जरा जास्तच लावलं.

२४ नोव्हेंबर

आज भराभर लिहितेय. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

सात जणी होतो. बेंगळूरच्या तिघी, मंगळूरकडची एक उंच मुलगी, एक अगदी लहान मुलगी, आणि आम्ही दोघी. पाणी इतकं मोठं की पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक हिरवी रेघ. सुरुवातीलाच तिघी निघून गेल्या.  मी वनजाक्काच्या लाटेवर बसले आणि बाकी सगळं विसरले. नाक, उतार, वेणी.

दुसऱ्या फेरीत तिनं कोपर उचललं. मी पुढं गेले. वारा समोरून. पाठीमागं तिचा श्वास ऐकू येत होता, आणि थोड्या वेळानं आणखी एक श्वास. मान न वळवता कळलं, ती मंगळूरची मुलगी माझ्या दुसऱ्या अंगाच्या लाटेवर येऊन बसली होती. ओळख नाही, पाळख नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी जाणारच होते ना पलीकडं.

चौथ्या फेरीत बेंगळूरची तिसरी मुलगी तिच्या दोघींपासून सुटली. एकटी पडली. एकटी पडलेली होडी कशी दिसते ते मला सप्टेंबरात माहीत नव्हतं. आज लांबूनच कळलं. आम्ही तिला गाठलं. आता पुढं दोघी, आणि मागं आम्ही चौघी, दोन जागांसाठी.

शेवटचं वळण. वनजाक्का पुढं, मी तिच्या उजव्या लाटेवर, बाकी दोघी आमच्या बाहेरून. सरळ पट्टा लागला. काठावर लोक ओरडत होते, मला फक्त माझं रक्त ऐकू येत होतं. लाटेवर राहिले तर मी तिच्यामागंच राहणार. सोडली तर तिच्या पुढं जाणार, कदाचित तिच्याच जागेवर. मी सोडेना. मला सोडवेना. तेवढ्यात जे कधी करू नये असं तिनंच मला शिकवलं होतं, ते तिनं केलं. तिनं मागं वळून बघितलं.

"सोड!" ती ओरडली. "आता सोड गं!"

मी सोडली. त्यानंतरचं मला आठवत नाही. वल्हं आठवतं. रेषेवरचा भोंगा आठवतो, एक, मग लगेच दुसरा, तिसरा, इतके चिकटून की कोणाचा कुठला कळेना.

मी तिसरी होते. मला ते लगेच सांगितलं. चौथी कोण ते सांगेनात. पंच फोटो बघत होते. मी होडीत बसून राहिले आणि वल्हं मांडीवर घेतलं. वनजाक्का जवळच तरंगत होती, डोळे मिटून. मी ठरवलं, ती नसेल तर मी माझी जागा परत करीन. अशी परत करता येते का, अर्ज कोणाला लिहायचा, हे सगळं मी ठरवलं. तिला म्हटलंही.

तिनं डोळे न उघडता म्हटलं, "तोंड बंद ठेव, नाहीतर उलटी करीन होडी."

मग सरांची शिट्टी वाजली. शिट्टीवरून काही कळत नाही, पण सर काठावर नाचत होते. आणि चिदंबर सर कधी नाचत नाहीत.

वनजाक्का चौथी. होडीच्या नाकाएवढ्या फरकानं.

तिनं खरंच माझी होडी उलटी केली. आणि स्वतःचीही. दोघी पाण्यात, कबिनीच्या गार पाण्यात, आणि मला रडू येत होतं की हसू ते पाण्यात कोणाला कळलं नाही.

काठावर आत्या चपला काढून घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. ओंजळीत पाणी घेऊन तिनं नाकाशी धरलं होतं. पाणी स्वच्छ आहे की नाही हे बघत असेल. मी विचारलं, आपलं गाव कुठल्या बाजूला. तिनं हात केला, पण नेमका कुठं ते कळलं नाही. सगळीकडं सारखंच पाणी.

"तू मघाशी वरून गेली असशील," ती म्हणाली. मग वनजाक्काकडं वळून तिनं तिचा ओला हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. आम्ही निघेपर्यंत दोघी काय बोलत होत्या कोण जाणे. मध्येच वनजाक्का माझ्याकडं बोट दाखवून हसली आणि आत्यानं मान हलवली.

२२ डिसेंबर

चौघींच्या होडीचा सराव जानेवारीत, बेंगळूरला. बसायचा क्रम आला. दुसऱ्या जागेवर वनजाक्का, तिसऱ्यावर मी. म्हणजे समोर तीच वेणी.

क्लबात एक नवी मुलगी आलीय, रेवती. चांगली आहे, हट्टी आहे. आता पडत नाही. पण तिला वाऱ्याची सवय नाही, म्हणून मी रोज तिच्या पुढं जाऊन, थोडी डावीकडं, वेग कमी करून राहते, म्हणजे तिला आपोआप लाट मिळेल. आणि ही वेडी काय करते? बाजूला सरकते! मी पुन्हा जाते, ती पुन्हा सरकते. आज ती लव्हाळ्यात शिरली. मला इतका राग आला की धक्क्यावर तिला थांबवून विचारणार होते, माझा काय वास येतो का तुला?

शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले.

मी तशीच उभी राहिले, होडी डोक्यावर. एवढं मोठं तळं. जून, जुलै, ऑगस्ट. रोज पुढं, थोडी डावीकडं, हळू करून.

वनजाक्का पायरीवर बसून केस पुसत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.  तिनं माझ्याकडं बघितलं, लव्हाळ्यातून होडी सोडवणाऱ्या रेवतीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"आज कळलं?" ती म्हणाली. "सरी, बरं झालं. उद्या डबा आण. रिकामा आणू नको."

उद्या बेसनाचे लाडू नेईन. आणि उजाडताना पुन्हा त्या मुलीच्या पुढं जाऊन राहीन. ती सरकली, तर मीही सरकेन.